वाइनमधली मेथी

"या बाटलीत ज्युराची माती आहे," पॅरिसमधला दुकानदार अगदी भारावून म्हणाला. घरी येऊन बूच काढलं, तर वास थेट मेथीच्या लाडवांचा! तुपात भिजवलेल्या मेथीच्या पिठाचा तो कडसर दरवळ, आणि मागून अक्रोड.

बाटली होती व्हँ जोनची, म्हणजे 'पिवळ्या वाइन'ची. फ्रान्समधल्या, स्वित्झर्लंडला लागून असलेल्या ज्युरा भागात ती सावान्यँ नावाच्या द्राक्षापासून करतात. पिंपातली वाइन हळूहळू उडून जाते आणि वर पोकळी राहते. एरवी वाइनवाले ती लगेच भरून काढतात, नाहीतर हवा लागून व्हिनेगर व्हायचं. इथे मात्र सहा वर्षांहून जास्त काळ पिंपाला हात लावत नाहीत. लिटरमागे 62 सेंटिलिटर उरते म्हणतात, म्हणून क्लाव्हलँ ही खास बाटलीही तेवढीच.

मग व्हिनेगर का होत नाही? दुधावर धरते तशी वाइनवर साय धरते, यीस्टची. साखर संपली की या यीस्टच्या पेशींच्या कवचावर एक प्रथिन वाढतं. त्यामुळे त्या एकमेकींना चिकटतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे धरून वर तरंगतात. वर ऑक्सिजन असतो, खायला अल्कोहोल असतं. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा असलेला ऑक्सिजन ही सायच फस्त करते. अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होऊन खाली झिरपतं. दुसरीकडे थ्रिओनिन या अमिनो आम्लापासून अल्फा-कीटोब्युटिरिक आम्ल बनतं. या दोघांचं अल्डॉल संघनन होतं, म्हणजे दोन्ही रेणू एकमेकांना जोडले जातात, साखळी वळून पाच अणूंचं कडं होतं, आणि सोटोलॉन जन्माला येतं. मेथीदाण्याचा वास ज्याचा, तोच हा रेणू! लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला कळतो.

तेव्हा माती बिचारी उगाच श्रेय घेते. वाइनच्या जगात चंद्राची तिथी बघून बाटली उघडणारे आहेत, गाईच्या शिंगात शेण भरून ते मळ्यात पुरणारेही आहेत. आपल्याकडच्या पंचांगाला नावं ठेवणारे तिथे मात्र माना डोलावतात. याच ज्युरातल्या आर्ब्वा गावात लुई पाश्चर लहानाचे मोठे झाले, आणि वाइन का बिघडते हे त्यांनी तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं.

विकत घेताना लेबल नीट वाचा. 'उइये' लिहिलं असेल तर पिंप भरत ठेवलेलं असतं, तिथे मेथी शोधू नका. 'सू व्वाल' म्हणजे सायीखालची. व्हँ जोनइतकी मुरलेली नसते, पण बरीच स्वस्त पडते. शातो-शालों गावाच्या नावाने फक्त व्हँ जोनच विकतात, आणि पीक मनासारखं आलं नाही म्हणून 2001 साली त्यांनी ती केलीच नाही.

फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, 15 अंशांच्या आसपास येऊ द्या. सोबत त्याच डोंगराळ भागातलं काँते चीज घ्या. बूच परत लावून ठेवलं तर बाटली काही आठवडे टिकते. आमची तिसऱ्या आठवड्यात संपली, तोवर मेथी तशीच होती.