छातीत पाणी होतं म्हणजे नेमकं कुठे?

"काकूंच्या फुफ्फुसात पाणी झालंय" असा फोन आला की घरात दोन गोष्टी हमखास होतात. काकूंच्या उशाचा तांब्या उचलला जातो. आणि कोणीतरी ठासून सांगतं, "सुईने पाणी काढू देऊ नका हं, एकदा काढलं की सवय लागते."

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात, ते वेगळं. एरवी हे पाणी प्यायलेल्या पाण्यातून आलेलं नसतं. आणि बहुतेक वेळा ते फुफ्फुसात नसतंच, फुफ्फुसाच्या बाहेर असतं.

फुफ्फुसाला एक पातळ, ओलसर अस्तर असतं. त्याला प्लुरा किंवा फुफ्फुसावरण म्हणतात. एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला. तोच पुढे दुमडून बरगड्यांना आतून चिकटतो. मधली फट केसाच्या जाडीहूनही कमी आणि तिच्यात सगळं मिळून चहाचे दोन-चार चमचे पाणी. धुतलेली दोन स्टीलची ताटं एकावर एक ठेवून पाहा. एकमेकांवरून सहज सरकतात, पण ओढून वेगळी करायला गेलं तर हटून बसतात. तसंच इथे. छाती फुगली की फुफ्फुस मागोमाग ओढलं जातं, तेही घासल्याशिवाय, दिवसाला वीसेक हजार वेळा.

आतला पदर मुका आहे, त्याला वेदना कळत नाही. बाहेरचा मात्र भारी हळवा. त्याला सूज आली की श्वास घेताना, खोकताना, शिंकताना सुरी खुपसल्यासारखी कळ येते. पडद्याचा खालचा, श्वासपटलावरचा भाग सुजला तर दुखतो चक्क खांदा, कारण दोघांच्या नसा मणक्यात एकाच ठिकाणी पोचतात. सुजलेले पदर एकमेकांवर घासल्याचा आवाज स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो. प्राचीन ग्रीक वैद्यांनी त्याला चामड्याच्या करकरीची उपमा दिली होती. आपल्याकडे नव्या कोल्हापुरी चपलेची करकर म्हटलं की लगेच कळेल.

गंमत म्हणजे पाणी साचू लागलं की पदर दूर होतात आणि ही कळ थांबते. "दुखायचं गेलं" म्हणून रोगी खुश होतो, आणि आठवड्याभरात जिना चढताना धाप लागते.

मग पाणी साचतं कसं? न्हाणीघर डोळ्यासमोर आणा. बाहेरच्या पदरातल्या रक्तवाहिन्यांतून पाणी सतत झिरपत असतं, तो नळ. त्याच पदरावर लसीकावाहिन्यांची (शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची) तोंडं असतात, ती मोरी. ही मोरी रोजच्यापेक्षा वीस-तीस पट पाणी ओढू शकते. त्यामुळे नुसता नळ थोडा मोठा झाल्याने भागत नाही; साठा व्हायला बहुधा नळही बिघडावा लागतो आणि मोरीही.

हृदय थकलं की रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन घटतं आणि पाणी धरून ठेवायची ताकद जाते. दोन्हींत पडदा निरोगी असतो आणि पाणी पातळ असतं. न्यूमोनिया, क्षय, कर्करोग यांत मात्र पडदाच गळका होतो आणि प्रथिनांनी भरलेलं घट्ट पाणी येतं. हा भेद रक्त आणि पाणी यांतली प्रथिनं व एलडीएच नावाचं विकर (एन्झाइम) ताडून ओळखायचे निकष रिचर्ड लाइट यांनी 1972 मध्ये मांडले. आजही तेच वापरतात. म्हणूनच सुई लावायची असते: पाणी काय आहे त्यावर रोग ठरतो. पाणी पुन्हा भरतं ते मूळ आजार चालू असतो म्हणून. त्यात सुईचा दोष नाही.

रोग्याला बसवून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवं करतात आणि सोनोग्राफीने जागा पाहून पाठीतून सुई घालतात. सुई जाते बरगडीच्या वरच्या कडेला लागून. खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जातात. पाणी एका वेळी साधारण दीड लिटरपर्यंतच काढतात, नाहीतर दबलेलं फुफ्फुस एकदम उघडून खरोखरच त्याच्या आत पाणी भरू शकतं.

आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत एकाच बाजूला पिवळसर पाणी निघालं की पहिला संशय क्षयाचा. पण त्या पाण्यात जंतू शोधायला गेलं तर अनेकदा सापडतच नाहीत. कारण हा गोंधळ जंतूंच्या संख्येने झालेला नसतो. फुफ्फुसाच्या कडेची एखादी लहान गाठ फुटते, थोडे जंतू पडद्यावर सांडतात आणि शरीराच्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडतात. त्या धुमश्चक्रीत पडदा गळू लागतो आणि मोरीही तुंबते. म्हणून डॉक्टर जंतूंऐवजी या पेशींची खूण शोधतात: एडीए नावाचं विकर लिटरमागे 40 युनिटच्या वर आणि पाण्यात लिम्फोसाइट भरपूर, की क्षयाची शक्यता बळावते. पाणी आपोआप आटलं तरी औषधं टाळायची नाहीत. उपचाराविना पुढच्या काही वर्षांत फुफ्फुसाचा क्षय होण्याचा धोका मोठा असतो.

त्याच मोरीच्या तोंडाशी अ‍ॅस्बेस्टॉसही अडकतो. श्वासातून गेलेले त्याचे लांब, सुईसारखे तंतू पडद्यापर्यंत पोचतात. भक्षक पेशी ते गिळायला जातात, पण तंतू पेशीहून लांब, अर्धा बाहेरच राहतो. पेशी तशीच मरते, दाहक रसायनं सांडते. दुसरी येते, तिचंही तेच. हे वर्षानुवर्षं चालतं आणि शेजारच्या पेशींचा डीएनए बिघडत जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले 33 रुग्ण 1960 मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, तेव्हा मेसोथेलिओमा या पडद्याच्या कर्करोगाचा धागा जुळला. त्यांतले सगळे काही खाणकामगार नव्हते. कित्येक जण नुसते त्या भागात राहिलेले होते. धूळ आणि आजार यांत वीस ते चाळीस वर्षं जातात, म्हणून दोष कोणाच्या पदरात घालायचा हे कळेपर्यंत कारखाना बंद झालेला असतो. आपल्या छपरांवरच्या सिमेंटच्या पत्र्यांत पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. धड पत्रा शांत पडून असतो. धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीचा. आणि ते काम आपल्याकडे तोंडाला रुमालसुद्धा न बांधता चालतं.

पाणी पुन्हा पुन्हा भरत राहिलं तर डॉक्टर फटच मिटवतात. निर्जंतुक टाल्कची पूड आत सोडायची, मुद्दाम दाह घडवायचा, दोन्ही पदर एकमेकांना चिकटवून टाकायचे. माणूस त्यानंतरही नीट श्वास घेतो. हत्तीमध्ये तर ही फट नसतेच. तिथे पदरांमध्ये सैल ऊती भरलेली असते. सोंड वर काढून खोल पाण्यातून चालताना छातीवर येणारा दाब नाजूक पडद्याला सोसला नसता, असा त्यावर शरीरशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांचा तर्क आहे.