मल्ड सायडर

मल्ड सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू, जी थंडीत मसाले घालून मंद आचेवर तापवतात आणि गरम गरमच पितात. इंग्लंडच्या पश्चिमेकडचे सॉमरसेट, डेव्हन, हेरफर्डशर, ग्लॉस्टरशर हे भाग आणि जर्मनीत फ्रँकफर्टच्या आसपासचा पट्टा ही याची मुख्य ठिकाणं. अमेरिकेत कोणी नुसतं "हॉट सायडर" म्हटलं तर बहुतेक वेळा ते बिनदारूचं, न गाळलेलं ज्यूस असतं आणि पोरंसोरंही ते पितात, तिथे दारूवाल्या प्रकाराला हार्ड सायडर म्हणतात, त्यामुळे रेसिपी वाचताना आधी ती कुठल्या देशातली आहे ते बघावं.

आता मुळात ही तापवायची का, तर नुसती थंडी हे अर्धंच कारण झालं. सफरचंदं सप्टेंबरपासून पुढे उतरवतात, रस पिंपात भरला की तो गारठ्यात सावकाश आंबत राहतो आणि नवी सायडर साधारण वसंतात प्यायला येते. म्हणजे जानेवारीत शेतकऱ्याच्या घरात जी असायची ती गेल्या हंगामाची, उघडलेल्या पिंपातली, बुडबुडे गेलेली आणि हवा लागून थोडी आंबटाकडे झुकलेली. गार प्यायला ती काही फार मजेची नसते, पण तापवून साखर-मसाला घातला की तिला चव येते. शेतमजुरांना तर मजुरीचा काही भाग सायडरमध्येच मिळायचा, मजुरी दारूच्या रूपात द्यायला कायद्याने बंदी आली ती 1887 मध्ये. तेव्हा हे पेय हौसेपेक्षा घरातला माल कामी लावण्यातून आलंय असंच म्हणावं लागेल, ख्रिसमसच्या ग्रीटिंग कार्डांवर ते आता कितीही गोंडस दिसो.

तापवायची भांडीही मजेशीर होती. तांब्याचं एक भांडं अगदी बुटाच्या आकाराचं असायचं, बुटाचं टोक चुलीतल्या निखाऱ्यांत खुपसायचं आणि वरच्या तोंडातून बिअर नाहीतर सायडर ओतायची, बाजूला धरायला मूठ. दुसरा प्रकार शंकूसारखा, तोही टोकाकडून निखाऱ्यात रोवायचा. वसाहतींच्या काळातल्या अमेरिकेत तर लोखंडी सळई लालबुंद करून सरळ मगमध्ये बुडवायचे, त्यात बिअर किंवा सायडर, रम आणि गूळकाकवीसारखं काहीतरी गोड असायचं, सळई बुडाली की सगळं फसफसून वर यायचं आणि साखर करपल्याचा कडवट वास त्यात उतरायचा. त्याला फ्लिप म्हणत.

गरम सायडरचं नाव निघालं की वॉसेल, म्हणजे सफरचंदाच्या झाडांसाठी करायचा हिवाळी विधी, येतंच. सॉमरसेटमधल्या कारहॅम्प्टन गावात दर 17 जानेवारीला लोक रात्री बागेत जमतात, सफरचंदाच्या एका जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, सायडरमध्ये भिजवलेला टोस्ट फांद्यांत अडकवतात (तो रॉबिन पक्ष्यांसाठी), आणि मग गाणी म्हणत फांद्यांमधून हवेत बंदुका उडवतात, म्हणजे वाईट शक्ती पळतात आणि झाड जागं होऊन पुढच्या वर्षी भरपूर फळ देतं अशी समजूत. तारीख 17 का, तर 1752 मध्ये ब्रिटनने कॅलेंडर बदललं तेव्हा 11 दिवस गळाले आणि इथल्या लोकांनी ख्रिसमसनंतरची बारावी रात्र जुन्याच हिशोबाने धरून ठेवली. आपली संक्रांत पण त्याच्या दोन-तीन दिवस आधी येते, कॅलेंडरच्या घोळासकट. वॉसेलच्या वाडग्यातला जुना प्रकार म्हणजे लॅम्ब्सवूल: गरम एल (बिअरचा एक प्रकार) नाहीतर सायडर, साखर, जायफळ आणि वरून भाजलेली सफरचंदं, जी फुटून त्यांचा पांढरा मऊ गर लोकरीसारखा तरंगतो.

करायची पद्धत सोपी आहे पण बरेच पब ती बिघडवतात, सगळं सकाळीच स्लो कुकरमध्ये टाकून देतात आणि संध्याकाळपर्यंत लवंगेचा काढा होतो. त्यापेक्षा आधी कपभर सायडरमध्ये साखर, दालचिनीचा तुकडा, पाच-सहा लवंगा, थोडं जायफळ आणि संत्र्याची साल घालून त्याचा पातळ पाक करावा, मसाल्याचा अर्क त्यात उतरला की उरलेली लिटरभर सायडर शेवटी ओतून फक्त गरम होऊ द्यावी, वाफा दिसायला लागल्या की बास. साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअस, उकळी नाही. लोक म्हणतात 78 अंशाला अल्कोहोल उडून जातं, तसं नाहीये, 78 हा शुद्ध अल्कोहोलचा उत्कलनबिंदू आहे आणि पाच-सहा टक्क्यांची सायडर 95 च्या आसपास उकळते, थोडं अल्कोहोल वाफेबरोबर जातं पण बरंचसं राहतंच, म्हणून गरम प्यायलो म्हणजे चढणार नाही या भ्रमात गाडीची चावी हातात घेऊ नये. उकळण्याचा खरा तोटा वासाचा, सफरचंदाचा फळासारखा सुवास आधी उडतो आणि मागे नुसता आंबटपणा आणि मसाल्याचा कडवटपणा उरतो.

सायडर कुठली घ्यायची तर कोरडी आणि शक्यतो बिनबुडबुड्यांची. फसफसणारी गरम पातेल्यात ओतली तर फेस येऊन सांडते, आणि बुडबुड्यांचे जे जास्तीचे पैसे मोजले ते वाफेत गेले. बाटलीबंद गोड सायडर तापली की आणखीच गोडमिट्ट लागते. डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक अशा खास सायडरच्या जातींमध्ये टॅनिन भरपूर असतं, ती सफरचंदं नुसती खाल्ली तर तोंड आवळून येतं, पण गरम सायडरला तोच तुरटपणा लागतो, नाहीतर साखरपाणी प्यायल्यासारखं वाटतं. आणि जिच्यात सल्फाइट जास्त आहे ती तापवताना नाकाला झोंबते, कारण उष्णतेने सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो.

भांडं स्टीलचं नाहीतर इनॅमलचं असावं. आपल्याकडे कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, तसंच हेही आंबट प्रकरण आहे, आणि डेव्हनमध्ये याची किंमत लोकांनी भलतीच मोजली. तिथे शे-दीडशे वर्षं दरसाल माणसं पोटाच्या भयानक कळांनी आणि लुळ्या पडलेल्या हातांनी आजारी पडायची, खापर सायडरच्या आंबटपणावर फुटायचं. 1767 मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरने दाखवून दिलं की दोष शिशाचा आहे, रस काढायच्या यंत्रांत शिसं वापरलेलं असायचं आणि आंबट रसात ते उतरायचं. बेकर स्वतः डेव्हनचाच, तरी गावाकडच्या लोकांनी आमची सायडर बदनाम केली म्हणून त्याच्यावरच राग काढला.

फ्रँकफर्टचा गरम आपफेलवाइन मात्र मला जास्त प्रामाणिक वाटतो. तिथली सायडर मुळातच कोरडी आणि चांगलीच आंबट, एरवी निळ्या नक्षीच्या राखाडी भाजक्या मातीच्या सुरईतून काचेच्या खाचाखाचांच्या ग्लासात ओततात. हिवाळ्यात तीच दालचिनी, लवंग, लिंबाची चकती आणि जरा साखर घालून गरम देतात, बाकी काही नाही. ख्रिसमस मार्केटमध्ये ग्लूवाइनच्या (मसाला घातलेल्या गरम वाइनच्या) शेजारी ती मिळते, आणि सर्दी झाली की घरीही करतात, त्याने सर्दी बरी होत नाही, घसा शेकला जातो आणि झोप लागते इतकंच.

महाराष्ट्रात सफरचंद फारसं पिकत नाही तेव्हा याची परंपरा असायचं कारण नाही. पुण्याच्या मूनशाइन मीडरीचं ॲपल सायडर मीड मिळतं पण ते मधापासूनचं पेय, शिवाय फसफसणारं, त्यामुळे तापवण्यापेक्षा फ्रीजमधून काढून प्यायलेलं बरं.