दारावर नाचलेली पावलं: आयरिश नृत्याची पार्श्वभूमी

एका ओळीत उभे नर्तक, कमरेवरचं अंग स्थिर, हात बाजूला आणि खाली पावलांचा कडकडाट. जगभरच्या सांस्कृतिक महोत्सवांत आयरिश नाच म्हणून आज हेच दिसतं. हे रूप जगभर पोहोचलं ते ३० एप्रिल १९९४ च्या रात्री, डब्लिनच्या पॉइंट थिएटरमधून. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गीतस्पर्धेत गाणी संपल्यावर निकाल लागेपर्यंतच्या मधल्या वेळेसाठी निर्मात्या मोया डोहर्टी यांनी सातेक मिनिटांचा नाच बसवून घेतला होता. संगीत बिल व्हेलन यांचं, पुढे मायकेल फ्लॅटली आणि जीन बटलर. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याच थिएटरात ‘रिव्हरडान्स’ हा पूर्ण लांबीचा कार्यक्रम उभा राहिला.

फ्लॅटली शिकागोचे, बटलर न्यूयॉर्क भागातल्या. म्हणजे हा नाच गाजला तो परदेशी जन्मलेल्या लेकरांच्या पायांवर. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर नाचाच्या संगीताच्या चालीही गेल्या. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १,८५० चालींचा संग्रह छापला. मायदेशात विरत चाललेलं कितीतरी त्यामुळे वाचलं.

मूळ मात्र खेड्यातलं. १७७० च्या दशकात आयर्लंड फिरलेले इंग्रज लेखक आर्थर यंग लिहितात की नृत्यशिक्षक झोपडी-झोपडी हिंडत. सोबत पाइप वाजवणारा किंवा अंध फिडलवादक असे, आणि फी तीन महिन्यांना सहा पेनी. उजवं-डावं कळत नसलेल्या शिष्याच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला ओल्या काडीचा वेढा बांधून पाऊल शिकवत, अशी आठवण सांगतात. घरातली जमीन मातीची, तिच्यावर पाऊल वाजणार कसं? मग दार बिजागरीवरून काढून आडवं टाकायचं आणि त्यावर नाचायचं. दाराएवढ्या जागेत फिरायला वाव नाही, तेव्हा सगळी कारागिरी बोटांत आणि टाचेत उतरते.

हात सरळ का, याच्या अनेक सुरस कथा आहेत, पण पुरावा एकीलाही नाही. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कोनेमारा भागातल्या जुन्या ‘शॅन-नोस’ नाचात हात आजही मोकळे असतात. ताठपणा घट्ट झाला तो शिक्षकांच्या शिस्तीने आणि नंतर स्पर्धांमुळे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीग या संस्थेने आयरिश भाषेबरोबर नाचही हाती घेतला. १८९७ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये पहिली सार्वजनिक ‘केली’, म्हणजे नाचगाण्याची बैठक, भरवली, पण चार जोड्यांचे सेट नाच परके म्हणून दूर ठेवले. खेड्यापाड्यांत लोक तेच नाचत होते, म्हणून हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. पुढे १९३० मध्ये शिक्षक आणि स्पर्धांचे नियम ठरवणारा नृत्य आयोग आला. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला. घरातल्या आणि चौकातल्या बैठका ओसरल्या आणि नाच सभागृहात गेला.

बांधणी समजली की मंचावरचं नीट दिसतं. जिग, स्लिप जिग आणि रील हे चालींचे प्रकार. जिग सहा मात्रांची, आपल्या दादऱ्यासारखी तीन-तीन. स्लिप जिग नऊची. रील सरळ चारची. चालीचे दोन भाग, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) आणि बहुधा दोनदा वाजवायचा. नर्तक आठ बार उजव्या पायाने नाचतो आणि पुढचे आठ बार तेच डाव्याने. बिघडतं ते बहुतेक इथेच: डावी बाजू कच्ची राहते, टाच खाली येते, ठोका मागे पडतो. कठीण तळाच्या बुटांच्या जिगची लय स्पर्धेत मुद्दाम उतरवतात, मिनिटाला ७३ ठोक्यांपर्यंत, कारण लय जितकी संथ तितके जास्त ठोके तिच्यात बसतात. या बुटांच्या टोकांना पूर्वी चामडं आणि खिळे असत. आता फायबरग्लास असतं, म्हणून आवाज इतका खणखणीत.

मोठ्या कार्यक्रमांत हे ठोके काही वेळा आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. छोट्या महोत्सवात ती सोय नसते, म्हणून फळी महत्त्वाची. खाली पोकळी असलेला लाकडी मंच हवा. काँक्रीटवर प्लायवुड टाकलं तर आवाज मरतो आणि नडगी दुखते. वर गालिचा अंथरला तर नाच ऐकूच येत नाही. माइक मंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत.

वादकांची अडचण वेगळी. इलियन पाइप या आयरिश बॅगपाइपचा भाता काखेखाली असतो, पेटीसारखी कोरडी हवा आत जाते, आणि त्यातली वेताची पाती दमट हवेत लगेच सूर सोडते. बोरान हा शेळीच्या कातड्याचा डफ तर दमटपणात ढिलाच पडतो. म्हणून त्यांना वाद्यांसह निदान अर्धा तास आधी मंचावर बसू द्यावं, तेही दिवे लावून. हवा आणि उष्णता कार्यक्रमात असणार तीच असली, तरच लावलेला सूर टिकतो.