डासाच्या अंड्यातला बलक येतो कुठून?

कोकणात पहिला पाऊस पडला की नारळी-पोफळीच्या वाडीत पडलेल्या करवंट्यांत चारेक दिवसांतच अळ्या वळवळू लागतात. एडीस डासाची मादी पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. करवंटी सुकली तरी अंड्यातली अळी बलकावर महिनोन्महिने तग धरते. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, करवंट्या उचलायलाच हव्यात.

एकदा रक्त प्यायलं की ही मादी दोन-तीन दिवसांत शंभराच्या आसपास अंडी तयार करते. एवढा बलक अंड्यातच बनत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं नाही, हे कळायला बराच काळ गेला.

1936 मध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी ऱ्होडनियस या रक्तपिपासू ढेकणाच्या डोक्यामागची एक बारीक ग्रंथी काढली, तर अंड्यांत बलक भरेना. म्हणजे हुकूम बाहेरून येत होता. मालही बाहेरूनच येतो, हे 1954 मध्ये विल्यम टेल्फर यांनी सेक्रोपिया पतंगावर दाखवलं. मादीच्या रक्तातलं एक खास प्रथिन जसंच्या तसं बलकात सापडलं, आणि तेही रक्तातल्यापेक्षा कितीतरी दाट.

अंडं ते आत घेतं कसं? मला हा या शोधातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. 1964 मध्ये रॉथ आणि पोर्टर यांनी एडीसचीच अंडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रक्त प्यायल्यावर काही तासांतच अंडपेशीच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खळगे 15 पट वाढले होते. हेच खळगे प्रथिन गोळा करून आत ओढतात. पुढे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना माणसाच्या पेशीही याच वाटेने कोलेस्टेरॉल आत घेताना दिसल्या. त्यांच्या कोलेस्टेरॉलवरच्या कामाला 1985 चं नोबेल मिळालं.

1969 मध्ये टेल्फर आणि सहकाऱ्यांनी प्रथिनाचा कारखानाही शोधला: कीटकाच्या पोटातला मेदपिंड, आपल्या यकृतासारखं काम करणारा. प्रथिनाचं नाव पडलं व्हायटेलोजेनिन.

डासात या मेदपिंडाला चालना कोण देतं, ते 1975 मध्ये हेनरी हॅगेडॉर्न यांच्या गटाने दाखवलं. रक्त पोटात गेलं की अंडाशयच एक्डायसोन हे संप्रेरक सोडतं आणि मेदपिंड कामाला लागतो. साधारण दीड दिवसात हे काम थांबतं. पुढच्या अंड्यांसाठी पुन्हा रक्त लागतं, मादी पुन्हा चावते, आणि डेंग्यूचा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो याच फेऱ्यांत.