बाबांच्या मनगटावरचं घड्याळ कुणासाठी सेट केलंय?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन माणूस घरी येतो तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर औषधांची लांबलचक यादी असते आणि खाली कुठेतरी एक ओळ, रोज चालणे. किती चालायचं, केवढ्या जोरात, धाप लागली तर थांबायचं की थोडं रेटायचं, ते काही त्या ओळीत नसतं. मग घरचे आपापला अर्थ लावतात. आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांमधे तर सगळी गल्लीच डॉक्टर होते, शेजारच्या बेन येऊन सांगून जातात काका आराम करो, काकू पाण्याचा तांब्या पण उचलू देत नाहीत, आणि बाहेरगावचा मुलगा काळजीपोटी एक स्मार्टवॉच ऑर्डर करून पाठवतो. महिन्याभरात काकांचे पाय बारीक झालेले असतात आणि घड्याळ रोज संध्याकाळी गुरगुरतं की आजचं टार्गेट अजून पुरं झालेलं नाही.

ते टार्गेट कुणाचं, हे आधी बघू. बऱ्याच घड्याळांत डिफॉल्ट 10 हजार पावलं असतात. हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवला नव्हता. 1965 साली जपानमधे एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' अशा अर्थाचं होतं, ते चाललं आणि आकडा चिकटला तो चिकटलाच. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घड्याळ चांगलं, जरूर वापरा, पण ते बॉक्समधून येतं तेव्हा एखाद्या धडधाकट, जॉगिंग करणाऱ्या माणसासाठी सेट होऊन येतं, आणि पेशंटसाठी ते नव्याने सेट करावं लागतं, ते काम कोणी करतच नाही.

दुसरं डिफॉल्ट याहून जास्त घोळ घालणारं. घड्याळातले पिवळे, केशरी, लाल असे हार्ट रेटचे झोन बहुतेक वेळा 220 वजा वय या हिशोबाने काढलेले असतात. म्हणजे 60 वर्षांच्या माणसाला कमाल 160, आणि त्याच्या 85 टक्के म्हणजे 136 पर्यंत जोर लावायला हरकत नाही असं घड्याळ समजतं. आता अटॅकनंतर बऱ्याच जणांना मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असते. ॲड्रेनॅलिन ज्या रिसेप्टरला जाऊन हृदयाला पळ म्हणतं तिथेच ही गोळी आडवी बसते, त्यामुळे चालून चालून दम लागला, घाम फुटला तरी नाडी शंभरच्या आसपासच घोटाळत राहते. घड्याळ म्हणतं अजून तर वॉर्म-अप चाललाय, वेग वाढवा! आणि बाबा आज्ञाधारकपणे वेग वाढवतात.

म्हणून रिहॅबवाले, म्हणजे हृदयाच्या पेशंटला व्यायामाने पुन्हा उभं करणारे, स्ट्रेस टेस्टवरून (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) त्या माणसाची स्वतःची मर्यादा काढून देतात, आणि ती टेस्ट झालेलीच नसेल तर साधारण नियम असा की बसलेलं असतानाच्या नाडीपेक्षा 20 ते 30 ठोके वर, त्याच्यापुढे सुरुवातीला जायचं नाही. बसून 64 असेल तर 84 ते 94, बस. आपला आकडा अर्थात आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा आणि घड्याळात कस्टम झोन म्हणून टाकायचा, अलर्टची मर्यादा पण तिथेच ठेवायची.

पण आकड्यापेक्षा भरवशाची एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी एक पट्टी बनवली, 6 पासून 20 पर्यंत, 6 म्हणजे अजिबात श्रम नाहीत आणि 20 म्हणजे जीव निघतोय. 6 पासून का, तर तरुण निरोगी माणसात या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडी येते, 60 ते 200. पेशंटने 11 ते 14 च्या मधे राहावं असं सांगतात, म्हणजे श्रम जाणवतात पण बोलता येतं. कमाटीबागेत सकाळी दोघं मिळून चालत असाल तर बोलत बोलत चाला, वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला असं समजा, आणि आरामात भजन म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला जागा आहे. बोर्गचा आकडा आणि घड्याळाचा आकडा शेजारी शेजारी वहीत लिहिला की दोन-तीन आठवड्यांत आपली नाडी गोळी घेऊन कशी वागते ते कळायला लागतं. तोच वेग, तीच वाट, आणि बोर्ग 13 वरून 11 वर आला, तर सुधारणा होतेय.

आता हे घड्याळ नाडी मोजतं कसं? मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, प्रत्येक ठोक्याला कातडीखाली रक्त वाढतं तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, ती चढउतार मोजायची. युक्ती जुनी आहे, 1930च्या दशकातली. अडचण अशी की हात हलला की पट्टा सरकतो, रक्तही हिंदकळतं, आणि घड्याळाला वाटतं हाच ठोका. कधीकधी तर ते नाडी सोडून पावलांचीच लय पकडतं, तुम्ही मिनिटाला 110 पावलं टाकताय आणि नाडी पण 110 दाखवतंय. मग थांबून मनगटावर बोटं ठेवून मोजून बघा, सगळं कळतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असा.

आणि आपल्याकडे तर नवरात्र! पहिली नवरात्र आली की प्रश्न ठरलेला, गरबा खेळू का? बडोद्याचा गरबा म्हणजे मोठाल्या मैदानात, तासन्‌तास, आणि टाळीवर चालणारा. टाळी वाजवताना मनगटाला प्रत्येक वेळी हिसका बसतो, म्हणजे जेव्हा नाडी कळायची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच मनगटावरचं घड्याळ सगळ्यात कमी भरवशाचं. छातीला बांधायचा पट्टा हृदयाची वीज थेट पकडतो, तो यात खूपच बरा, फक्त बायपासवाल्यांना जखम भरेपर्यंत तिथे काही आवळता येत नाही, त्यांनी दंडाला बांधायचा सेन्सर वापरावा, दंड मनगटाएवढा झटकत नाही. खेळायचं की नाही हे मात्र स्ट्रेस टेस्टमधली ताकद बघून डॉक्टर ठरवतील, त्यांनी हो म्हटलं तरी एक-दोन संथ फेऱ्या मारून बाहेर यायचं, आणि बाहेर आल्या आल्या खुर्चीवर कोसळायचं नाही, पाचेक मिनिटं हळू चालत राहायचं. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, त्यात बीपीच्या गोळ्या, चक्कर येते.

थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट तसंही बघण्यासारखं असतं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या 1999 सालच्या अभ्यासात ट्रेडमिलनंतर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. घरच्या घड्याळावर तो 12 चा नियम लावून घाबरू नका, तिथे मशीन वेगळं, परिस्थिती वेगळी, पण आठवड्यागणिक उतार सुधारतोय का एवढं बघायला काय हरकत आहे.

घरी केलेलं रिहॅब म्हणजे गरिबाचा पर्याय असं काही जणांना वाटतं, तसं नाही. वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं तर घरी आणि सेंटरवर केलेल्या रिहॅबचा परिणाम साधारण सारखाच निघाला. फक्त घरी म्हणजे एकट्याने नाही, कोणीतरी फोनवरून आकडे बघतंय, विचारतंय, आठवड्याचा प्लॅन बदलतंय, असं ते घरी. भारतात 24 हॉस्पिटलांत जवळपास चार हजार अटॅकच्या पेशंटवर योगावर आधारलेलं रिहॅब करून बघितलं, 2020 मधे निकाल आला, मृत्यू, पुन्हा अटॅक अशा मोठ्या घटनांमधे ठोस फरक सिद्ध झाला नाही पण लोकांना स्वतःला बरं वाटणं आणि आधीच्या कामांवर परतणं यात फायदा दिसला. मला हे 'आधीच्या कामांवर परतणं' फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरात बसवून ठेवलेला माणूस हृदयापेक्षा भीतीने जास्त आजारी असतो, आणि 20 मिनिटं चालून आलो, नाडी 92 च्या वर गेली नाही, हे काकूंना दाखवता आलं की उद्या त्या भाजी आणायला पाठवतात.

भीती उलटीकडून पण येते म्हणा. काही जण दिवसातून वीस वेळा ईसीजी काढतात. घड्याळाचा ईसीजी एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा, हॉस्पिटलचा बारा लीडचा. अनियमित ठोके, एट्रिअल फिब्रिलेशन, हे तो बऱ्यापैकी पकडतो, अटॅक पकडत नाही, कंपन्या स्वतःच तसं लिहितात. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम येतोय, डावा हात किंवा जबडा दुखतोय, तर घड्याळ काय म्हणतं ते बघत बसायचं नाही, 108 लावायचा.

अजून एक, उत्तरायण, म्हणजे आपल्याकडची संक्रांतीची पतंगबाजी. बायपासमधे छातीचं हाड कापून तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, आणि गच्चीवर उभं राहून हात वर करून पतंग खेचताना नाडी मस्त 80 दाखवेल, हाडावर काय ताण येतोय हे घड्याळाला कळायचा मार्गच नाही. तसंच वजनाचं. हार्ट फेल्युअरवाल्याचं, म्हणजे ज्याचं हृदय रक्त पुरेसं ढकलू शकत नाही त्याचं, वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ते बहुतेक पाणी असतं, लग्नातलं जेवण नसतं, हे साध्या काट्यावर सकाळी उठल्या उठल्या कळतं. डॉक्टरांना फोन तर करायचाच, आणि खाखरा-लोणचं-पापडाकडे पण बघायचं, मीठ तिथूनच येतं. पेसमेकर असेल तर चुंबकवाले चार्जर आणि घड्याळ त्या जागेपासून 15 सेंटीमीटर तरी लांब.

खरेदीचं विचाराल तर नाडी आणि पावलांसाठी साधा बँड पुरतो. वाचलेल्या पैशात दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आणा, मनगटावरचा प्रकाश बघून बीपी सांगणाऱ्या स्वस्त घड्याळांच्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करू नका.