पुण्यातील वारसा फेरी: व्याख्यान रस्त्यावर कसे आले

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या विषयावर बोलणारा वक्ता आणि त्याच्यासाठी घरून निघालेला श्रोता, ही जोडी वसंत व्याख्यानमालेने १८७५ साली पुण्यात पक्की केली. १८७८ मध्ये मराठी ग्रंथकार याच शहरात एकत्र जमले आणि १८९३ नंतरच्या गणेशोत्सवाने व्याख्यान मांडवात नेले. हा भाग परिचित असल्याने येथे विस्तार करत नाही. नंतर श्रोता खुर्चीतून उठून वक्त्याबरोबर चालू लागला. मात्र या चालण्याला काय म्हणावे, याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. तिच्यानुसार इमारतींना श्रेणी मिळू लागल्या आणि ‘हेरिटेज’ हा शब्द कार्यालयीन कागदांतून वर्तमानपत्रांत व तेथून रविवार सकाळच्या कार्यक्रमांत उतरला. ‘हेरिटेज वॉक’ला मराठी पर्याय सुचवले गेले, पण प्रत्येकाला काही ना काही आधीच चिकटलेले होते. ‘सहल’ म्हटले की शाळेचा डबा आठवतो. ‘दर्शन’ देवळाचे, शिवाय ‘पुणे दर्शन’ हे नाव बसने केव्हाच घेतलेले. ‘पदभ्रमंती’ डोंगर चढणाऱ्यांची. ‘वारसा फेरी’ त्यातल्या त्यात टिकली, कारण तिच्यामागे प्रभातफेरीची आठवण आहे. नेमकी तीच काहींना खटकते: प्रभातफेरीत सगळेच गात असत, येथे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात.

प्रस्तुत लेखकाला अडचण दिसते ती ‘फेरी’त नव्हे, ‘वारसा’ या शब्दात. श्रेणी मिळते प्रामुख्याने वास्तूला, म्हणून वाटही वास्तूंवरून आखली जाते: शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा. यांपैकी शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत गेल्या आणि आज दिसणारा लाल महाल विसाव्या शतकात बांधलेला आहे, हे प्रत्येक फेरीत सांगितले जातेच असे नाही. उलट अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून शहरात आणलेले पाणी जमिनीखालून येत असल्याने बराच काळ फेरीबाहेर राहिले. त्या नळाच्या वाटेवर हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेले दगडी उच्छ्वास बघणाऱ्याला जुने बुरूज वाटतात, आणि फडके हौद हे बहुतेकांना चौकाचेच नाव म्हणून ठाऊक असते. १८४८ साली मुलींची शाळा जेथे सुरू झाली तो बुधवार पेठेतील भिडे वाडाही कित्येक वाटाड्यांनी चालता चालता हात दाखवण्यापुरताच ठेवला होता. मोडकळीला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. त्यानंतर तेथे थांबणारे वाढले, पण पाहण्यासारखे जुने लाकूड वा वीट तेथे राहिलेली नव्हती.

निसर्गाच्या फेऱ्यांना नावाचा एवढा जाच झाला नाही. टेकडीवर जायचे असते, एवढे सांगितले तरी पुरते. त्यांचा वाद झाडांवरचा. सालई, मोई, गणेर ही येथली झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण होतात, त्यामुळे टेकडी उजाड समजली गेली आणि लवकर हिरवी दिसावी म्हणून बाहेरून आलेल्या गिरिपुष्पाची लागवड झाली. त्याचे दुसरे नाव उंदीरमारी. वसंतात त्याच्या फिकट गुलाबी फुलांखाली लोक फोटो काढतात, आणि गणेराची पिवळी फुले दाखवण्यासाठी वाटाड्याला त्यांना चार पावले पुढे बोलवावे लागते. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या रस्त्याचा आणि बोगद्यांचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा २०२३ मध्ये त्याविरुद्ध काढलेल्या पदयात्रेत अशा फेऱ्यांमधून झाडांची ओळख झालेली मंडळीही चालली.