अन्नमैल

अन्नपदार्थ पिकतो त्या शेतापासून तो खाणाऱ्याच्या ताटापर्यंतचे वाहतुकीचे अंतर म्हणजे अन्नमैल. ‘फूड माइल्स’ ही मूळ संज्ञा १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये अन्नधोरणाचे अभ्यासक टिम लँग यांनी रूढ केली. आपले अन्न कुठून येते आणि ते कोण पिकवतो, याकडे ग्राहकाचे लक्ष वेधणे हा तिचा हेतू होता. पुढे मात्र ‘अंतर जास्त तितके प्रदूषण जास्त’ असा सरधोपट अर्थ तिला चिकटला.

हे समीकरण वाहनापाशीच डळमळते. नाशिकची निर्यातीची द्राक्षे घड कापल्यावर काही तासांतच पॅकहाऊसमध्ये, म्हणजे प्रतवारी व पॅकिंगच्या केंद्रात, पोचतात, प्रीकूलिंगमध्ये शून्य अंशाच्या आसपास थंड केली जातात आणि न्हावाशेवा बंदरातून रीफर म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या कंटेनरमध्ये भरून नेदरलँड्समधील रॉटरडॅमला जातात. हा समुद्रमार्ग सुवेझ कालव्यातून गेले तरी १०,००० किमीहून अधिक भरतो, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी आफ्रिकेला वळसा घातल्याने तो आणखी लांबला. कोकणचा हापूस मात्र युरोपला बहुतांशी विमानाने जातो. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेताना विमानातून होणारे कार्बन उत्सर्जन जहाजाच्या ढोबळमानाने ५० पट असते. त्यामुळे लांबचा वळसा घेऊनही द्राक्षांच्या वाहतुकीचा भार हापूसपेक्षा पुष्कळच हलका राहतो.

दुसरा प्रश्न उत्पादनाचा. थंडीच्या दिवसांत ब्रिटनमधील तापवलेल्या हरितगृहात पिकवलेल्या टोमॅटोपेक्षा स्पेनहून ट्रकने आणलेला टोमॅटो कमी कार्बन सोडतो, असे ब्रिटिश सरकारसाठी २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात आढळले. अमेरिकेतील संशोधक वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, कुटुंबाच्या अन्नाशी निगडित उत्सर्जनात उत्पादनाचा वाटा ८३ टक्के, तर सर्व वाहतुकीचा ११ टक्के होता.

पण म्हणून जवळची खरेदी निरर्थक ठरते असे नाही. उघड्या शेतात, हंगामात आलेली भाजी जवळच विकली गेली तर तिला ना शीतगृह लागते ना लांबचा ट्रक. मात्र मेथीच्या दोन जुड्यांसाठी पाच किलोमीटर मोटार काढली, तर हा लाभ वाटेतच संपतो.

साठवणुकीचा विचार तर या मापनात होतच नाही. नाशिक परिसरातील कांदाचाळीत उन्हाळ कांदा विजेशिवाय, केवळ खेळत्या हवेवर काही महिने टिकतो. पण पावसाळी दमट हवेत त्यातला बराच सडतो, आणि सडलेल्या प्रत्येक किलोबरोबर त्याला घातलेले खत, पंपाने उपसलेले पाणी आणि नांगरटीचे डिझेलही वाया जाते, मग तो कांदा शेताच्या बांधाबाहेर गेलेला नसला तरी.